कूस

बुधवार हा माझा बीसीजीचा वार.
एकतीस वर्षं, फतेपुऱ्याच्या दवाखान्यात,
बाकावर ओळीनं बसलेल्या आया,
कुंचीतली, काजळ फासलेली, अजून नाव नसलेली बाळं.
कुपी फोडली की चार तास.
उरली तर टाकायची.
दर बुधवारी ती टाकताना
अन्न टाकल्यासारखं वाटायचं मला.

आजही बुधवारच.
सहातला दुसरा.
आज बाकावर मी.
शेजारी चार म्हातारे, बाई मी एकटीच,
लघवीतून रक्त गेलेले सगळे.

डॉक्टर समजावू लागले,
क्षयाच्याच जातीतले जंतू, शिर्केबेन, पण मवाळ केलेले.
मला सांगता?
बटाट्याच्या कापांवर, बैलाच्या पित्तात,
तेरा वर्षं वाढवले ते दोघा माणसांनी,
एका बशीतून दुसरीत, दोनशे तीस वेळा,
कालच्या दह्यानं आजचं लावावं,
आजच्यानं उद्याचं,
तसे, विखार विसरेपर्यंत.
ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं तेव्हा वर्ग पेंगत होता.
मी जागी होते, का कोण जाणे.

नळी घालून सिस्टर गेली.
आता घड्याळ निकुंजच्या हाती.
वॉर्डबॉय, मिसरूड नुकतंच काळं झालेलं.
दर पंधरा मिनिटांनी म्हणतो,
माजी, पडखुं फेरवो.
पाठीवर. डाव्या कुशीवर. उजव्या. पालथी.
विसळताना तांब्यात पाणी फिरवावं
तशी मला फिरवतात.
पिशवीची एकही भिंत
कोरडी राहता कामा नये.
दोन तास धरून ठेवायचं.
मी देत असे थेंबभर.
इथे वाटीभर.

एका पुराच्या साली
विश्वामित्रीतून मगर आमच्या गल्लीत आली.
मी लशीचा डबा छातीशी धरून ओट्यावर.
ती खालून गेली, संथ,
माझ्याकडे बघितलंही नाही.
पण गल्ली रात्रभर जागी राहिली.
टॉर्च, काठ्या, बडवलेल्या थाळ्या,
गच्च्यांवरून हाका.
आणि त्याच जागरणात पकडला गेला
महिनाभर घरं फोडणारा चोर,
सगळ्यांच्या ओळखीचा निघाला,
आमच्याच गल्लीत वाढलेला.
मगरीनं काही केलं नाही.
ती फक्त आली होती.

हे औषध काय करतं
असं बहिणीनं फोनवर विचारलं,
तेव्हा मी तिला मगरीचं सांगितलं.
ती म्हणाली, तापात बडबडतेयस.
ताप होताच, एकशे एक.
येऊ दे म्हटलं.
आयांनाही हेच सांगायची मी,
फोड येईल, पिकेल, फुटेल,
चोळू नका, हळद थापू नका,
अंगाला त्याचं काम करू द्या.
आयांना सांगणं सोपं होतं.

उजव्या कुशीवर असताना
निकुंजची अर्धी बाही समोर येते.
डाव्या दंडावर वण.
कुठला रे तू?
फतेपुरा, माजी.
वय? चोवीस.
मनातल्या मनात वजाबाकी करते,
छातीत काहीतरी धडधडतं.
इकडे ये, बघू.
चष्मा लावून पाहते.
फार वर दिलेली, खांद्याला लागून,
कडाही ओबडधोबड.
छे. हा माझा हात नव्हे.
त्या बुधवारी मी रजेवर असणार.
चांगली उठलीय पण, म्हणते,
आणि तो उगाचच खूश होतो.

दोन तास झाले.
संडासात ब्लीच ओतायचं,
पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी.
दारापाशी उभी राहून मी मिनिटं मोजते.
आत जिवंत असतील अजून पुष्कळ.
टाकताना अजूनही
तसंच वाटतं.

बाहेर पुढचा म्हातारा उभा,
फाईल छातीशी, ओठ सुकलेले.
काय करतात हो आत?
सवयीनं तोंडातून जातं,
काही नाही, डावा दंड मोकळा करा.
आणि तो बिचारा
खरंच बाही वर करू लागतो.